खिम्यात सोया, कबाबात डाळ: मांसात वनस्पती प्रोटीन मिसळण्याचं तंत्र समजून घ्या

धुळ्यात किंवा जळगावात कुणाला सांगून बघा, "अमक्याच्या खिम्यात सोयाबीन असतं." ऐकणाऱ्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'भेसळ'. पण त्याच माणसाला शामी कबाब दिला तर तो आवडीने खातो. शामी कबाबात हरभऱ्याची डाळ असते आणि ती सगळ्यांना माहीत असते, म्हणून तिला कुणी भेसळ म्हणत नाही.

दोन्ही ठिकाणी तंत्र एकच आहे. मांसाच्या पदार्थात डाळ, सोया, वाटाणा असं वनस्पतीतून आलेलं प्रोटीन ठरावीक प्रमाणात घालायचं, म्हणजे खर्च कमी होतो, पदार्थ रसदार राहतो आणि मांस पुरवून वापरता येतं. फूड इंडस्ट्रीत अशा मालाला 'हायब्रिड' किंवा 'ब्लेंडेड' मीट म्हणतात, आणि मिसळल्या जाणाऱ्या सोयाला 'एक्स्टेंडर', म्हणजे माल वाढवणारा. खाणाऱ्याला सांगून मिसळलं तर तो पदार्थ झाला, न सांगता मिसळलं तर फसवणूक झाली. या लेखात मी आधी तंत्र सांगतो. ते कळलं की फसवणूक कुठे लपते हेही आपोआप दिसतं.

आपल्याकडे हे जुनंच आहे

शामी कबाब सोडा, दालचा घ्या. मटण, डाळ आणि दुधी एकत्र शिजवलेला हा पदार्थ लग्नाच्या पंगतीत भाताबरोबर वाढतात. रमजानमध्ये मालेगाव-धुळ्याकडे मिळणारा हलीम म्हणजे गहू, डाळी आणि मांस तासन्‌तास घोटून एकजीव केलेलं. थोड्या मटणात खूप लोक जेवले पाहिजेत, ही गरज त्यामागे उघड दिसते.

खान्देशातल्या शाकाहारी घरांनी हेच कोडं दुसऱ्या बाजूने सोडवलं. पाटोडीचा रस्सा आठवा. काळ्या मसाल्याचा तर्रीदार रस्सा अगदी मटणासारखाच, आणि आत बेसनाच्या वड्या. डाळीच्या प्रोटीनला शिजवून घट्ट करायचं, कापायचं आणि मांसाच्या जागी सोडायचं. आजच्या 'प्लांट बेस्ड मीट' कंपन्या हेच करतात, फक्त मशीन मोठं आणि पाकीट चकचकीत असतं.

मांस एकमेकांना चिकटतं कसं?

मिश्रण जमेल की फसेल, हे या एका प्रश्नावर ठरतं. मांसाच्या तंतूंमध्ये मायोसिन आणि ॲक्टिन नावाची दोन मुख्य प्रोटीन असतात. कच्च्या खिम्यात मीठ घालून तो जोरात मळला की मायोसिन तंतूंमधून सुटून बाहेर येतं. हाताला खिमा चिकट लागायला लागतो तो त्यामुळेच. मग आच लागली की साधारण ५० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ही चिकट प्रोटीन एकमेकांत गुंतून घट्ट होतात आणि पाणी व चरबी आत धरून ठेवतात. सीख कबाब सळईवर टिकतो तो या गोंदामुळे. चांगला कारागीर खिमा उगाच इतका वेळ मळत बसत नाही.

आता शामी कबाब बघा. त्यात खिमा आणि हरभऱ्याची डाळ आधी एकत्र शिजवतात, पाणी पूर्ण आटवतात, मग वाटतात आणि टिक्क्या करून तव्यावर परततात. म्हणजे टिक्की वळायच्या वेळी मांसाचा गोंद शिजून संपलेला असतो. तरी टिक्की फुटत नाही, कारण आता धरून ठेवायचं काम डाळीतला शिजलेला स्टार्च आणि तिचं प्रोटीन करतं. बरेच जण वरून अंडंही घालतात. शामीतली डाळ म्हणजे कबाबाचं सिमेंट आहे. ती काढून टाकली तर भुगा उरेल.

भिजवलेली सोयाबीन वडी कच्च्या खिम्यात घातली तर काय होईल, हे आता तुम्हीच सांगू शकाल. वडी कारखान्यात आधीच प्रचंड उष्णतेतून गेलेली असते, तिचं प्रोटीन घट्ट झालेलं असतं. ती पाणी शोषते, रस धरते, पण स्वतः चिकटत नाही. जितकी वडी वाढवाल तितका गोंद पातळ होत जातो. म्हणून भिजलेल्या वजनाच्या २५ ते ३० टक्क्यांपर्यंत मिश्रण सहज चालतं. त्यापुढे अंडं, भाजलेलं बेसन किंवा डाळ्याचं पीठ असं काहीतरी बांधणारं लागतं.

कारखाने या कामासाठी मिथाइल सेल्युलोज वापरतात. पाकिटावर ते 'आयएनएस ४६१' असं दिसेल. हा पदार्थ उलट्या स्वभावाचा आहे, गरम झाला की घट्ट होतो आणि गार झाला की सैल पडतो. व्हेज बर्गरची टिक्की तव्यावर मस्त धरलेली असते आणि डब्यात गार झाल्यावर ढिली लागते, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं.

सोयाबीनची वडी बनते कशी?

सोयाबीनच्या दाण्यात ढोबळमानाने ४० टक्के प्रोटीन आणि २० टक्के तेल असतं. धुळे परिसरात सोयाबीनवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत, लोक त्यांना 'सॉल्व्हंट प्लांट' म्हणून ओळखतात. दाणा चपटा करून हेक्झेन या द्रावणाने त्यातलं तेल काढून घेतात, मग उष्णता देऊन हेक्झेन उडवून परत गोळा करतात. उरलेल्या चोथ्याला व्यापारात 'डीओसी' म्हणतात, म्हणजे तेल काढलेली पेंड. यात प्रोटीन ५० टक्क्यांच्या आसपास जातं. देशातली बहुतेक डीओसी कोंबड्यांच्या खाद्यात जाते. खाण्यालायक दर्जा राखून केलेल्या पेंडीचं पीठ मात्र वडीसाठी वापरतात.

पिठाची वडी करणाऱ्या यंत्राला एक्स्ट्रूडर म्हणतात. घरातला शेवेचा सोऱ्या डोळ्यापुढे आणा. सोऱ्या पिठाला फक्त आकार देतो. एक्स्ट्रूडरच्या लांब नळीत मोठा स्क्रू फिरत असतो, तो ओलसर पीठ पुढे ढकलता ढकलता दाबतो, घासतो आणि शिजवतो. आतलं तापमान साधारण १४० ते १८० अंशांपर्यंत जातं. इतक्या दाबात आणि उष्णतेत प्रोटीनचे गुंडाळलेले धागे उलगडतात, स्क्रूच्या ओढीने एका दिशेने लागतात आणि तसेच जोडले जातात. पीठ छिद्रातून बाहेर पडलं की दाब एकदम सुटतो, आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि वडी फुलते. तिच्या आतली स्पंजासारखी भोकं या वाफेने पाडलेली असतात. रस्सा त्याच भोकांत शिरतो.

याची नवीन आवृत्ती म्हणजे 'हाय मॉइश्चर एक्स्ट्रूजन'. यात पिठात पाणी जास्त असतं आणि नळीच्या तोंडाला लांबट, थंड ठेवलेला साचा असतो. त्यामुळे माल फुलत नाही, थंड होता होता चिकनसारखे ओढता येणारे तंतू तयार होतात. ऑनलाइन मिळणाऱ्या महागड्या 'प्लांट चिकन'मागचं मुख्य तंत्र हेच आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. हेन्री फोर्डच्या कंपनीत सोयाबीनवर काम केलेल्या रॉबर्ट बॉयर यांनी सोया प्रोटीनचे धागे काढून त्यापासून मांसासारखा पदार्थ करायचं पेटंट १९५४ मध्ये मिळवलं. ती पद्धत महाग पडायची. एक्स्ट्रूडरची स्वस्त पद्धत आर्चर डॅनियल्स मिडलँड या अमेरिकन कंपनीच्या विल्यम ॲटकिन्सन यांच्या नावावर आहे, पेटंट १९७० चं. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, अमेरिकेच्या कृषी खात्याने शाळेतल्या जेवणात मांसाबरोबर भिजवलेलं सोया प्रोटीन ३० टक्क्यांपर्यंत वापरायला परवानगी दिली. १९७३ मध्ये तिकडे बीफ महागलं तेव्हा सोया मिसळलेला खिमा सुपरमार्केटमध्ये उघडपणे, लेबल लावून विकला गेला.

आकडेमोड: प्रोटीन किती, पैसे किती, पाणी किती

मोबाइलचं कॅल्क्युलेटर काढा. १०० ग्रॅम कोरड्या वडीत सुमारे ५२ ग्रॅम प्रोटीन असतं. जिमवाली मुलं हा आकडा अभिमानाने सांगतात, पण वडी कोरडी कुणी खात नाही. ती २०० ग्रॅम पाणी पिऊन ३०० ग्रॅम होते. ५२ भागिले ३०० म्हणजे १७ टक्क्यांच्या आसपास. कच्च्या मटणात प्रोटीन साधारण २० टक्के असतं. म्हणजे भिजलेली वडी आणि मटण यांच्यात फार अंतर नाही.

आता १ किलो मिश्रण करू. ७०० ग्रॅम खिमा, १०० ग्रॅम कोरडी वडी, २०० ग्रॅम पाणी. प्रोटीन झालं १४० अधिक ५२, म्हणजे १९२ ग्रॅम. नुसत्या खिम्यात २०० ग्रॅम असतं. फक्त ८ ग्रॅमचा फरक. चरबी मात्र जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होते, कारण वडीत ती नावापुरतीच असते. वडीतून थोडं फायबर येतं, जे मांसात अजिबात नसतं.

पैशांसाठी समजा मटणाचा खिमा ७५० रुपये किलो आणि वडी १५० रुपये किलो आहे. मग मिश्रणाला ५२५ अधिक १५, म्हणजे ५४० रुपये लागतात. किलोमागे २१० रुपये वाचले. हॉस्टेलच्या मेससाठी, चार जणांच्या रूमसाठी हा आकडा छोटा नाही. भाव तुमच्या गावचे टाका, पद्धत तीच राहील.

आता या हिशेबातली खोच बघा. १ किलोच्या मिश्रणात २०० ग्रॅम नळाचं पाणी आहे. तुम्ही घरी केलंत तर पाणी तुमचं आणि बचतही तुमची. दुकानदाराने हेच मिश्रण 'मटण खिमा' म्हणून ७५० ने विकलं, तर ते २१० रुपये त्याच्या गल्ल्यात जातात आणि तुम्ही पाणी मटणाच्या भावाने विकत घेता.

वडीपर्यंत तरी प्रोटीन टिकून राहतं. सॉसेज, नगेट, सलामी यांत 'सोया प्रोटीन आयसोलेट' वापरतात. हे ९० टक्के प्रोटीनचं बारीक पीठ असतं आणि पाण्याला धरून ठेवण्यात फार हुशार. या धंद्यात एक माहितीचं प्रमाण आहे: १ भाग आयसोलेट, ५ भाग चरबी, ५ भाग पाणी. फेटल्यावर पांढरी, दाट पेस्ट होते. हिशेब करा, ११ भागांत प्रोटीन ०.९ भाग, म्हणजे जेमतेम ८ टक्के. ही पेस्ट थोडी घातली तर सॉसेज मऊ होतं, जास्त घातली तर तुम्ही चरबी आणि पाणी खात असता. पाकिटावर 'हाय प्रोटीन' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं तरी मागच्या तक्त्यात १०० ग्रॅमला प्रोटीन किती, हेच बघायचं. मटण-चिकनचा पदार्थ म्हणवणाऱ्या पाकिटात तो आकडा १० च्या खाली दिसला तर मी ते परत ठेवतो.

घरी करायचं असेल तर

मी घरच्यांना आधी सांगून तीन प्रमाणं करून बघितली: भिजलेल्या वजनाने १५, ३० आणि ५० टक्के. काळ्या मसाल्याच्या रस्स्यातल्या खिम्यात १५ आणि ३० मधला फरक आमच्याकडे कुणाला ओळखता आला नाही. ५० टक्क्यांना रस्सा चांगला झाला, पण खिमा दाताखाली रबरासारखा लागला. सीख कबाबात ३० टक्के कसाबसा टिकला, ५० ला सळईवरून घसरला. कारण तुम्हाला माहीत आहे, गोंद कमी पडला. शामीत मात्र वडी जवळजवळ विरघळूनच गेली. शामीत गोंदाचं काम डाळ करत असते.

करायची पद्धत सोपी आहे, पण एक पायरी लोक गाळतात. वडी मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात ५ ते ७ मिनिटं ठेवायची, ते पाणी ओतून द्यायचं, गार पाण्याने एकदा-दोनदा धुऊन घट्ट पिळायची. सोयाचा तो कच्चट, शेंगेसारखा वास या पाण्याबरोबर बराच जातो. पोटात गॅस करणाऱ्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरासुद्धा पाण्यात उतरतात. पिळलेली वडी मिक्सरमध्ये दोन झटके देऊन भरड करायची, पीठ करायचं नाही. मग आलं-लसूण आणि थोडा मसाला लावून तिला अर्धा तास ठेवायचं आणि त्यानंतरच खिम्यात घालायची. वडीला स्वतःची चव नसते, पहिलं जे पाणी मिळेल ते ती पिते. ते पाणी मसाल्याचं असलेलं बरं.

कबाब करणार असाल तर क्रम उलटा ठेवा. आधी नुसता खिमा मीठ घालून चिकट होईपर्यंत मळा आणि वडी शेवटी मिसळा. दोन्ही एकदम घालून मळलं तर मायोसिन सुटायच्या आत वडी मध्ये येते.

आणखी एक गोष्ट, आपल्याकडच्या उन्हाळ्यामुळे फार महत्त्वाची. कोरडी वडी महिनोन्‌महिने टिकते म्हणून भिजवलेलीही टिकेल असं वाटतं. ओली वडी जंतूंना मांसाइतकीच प्रिय असते आणि सोया मिसळलेला कच्चा खिमा साध्या खिम्यापेक्षा लवकर खराब होतो, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या आसपास खेळतो. मिश्रण केलं की लगेच शिजवा, नाहीतर थेट फ्रीजमध्ये ठेवा. चिकन असेल तर मधोमध ७४ अंशांपर्यंत शिजलं पाहिजे, रंगावर विसंबून राहू नका.

तब्येतीच्या दृष्टीने काय मिळतं, काय जातं?

डाळवर्गीय प्रोटीनमध्ये मेथिओनिन हे अमिनो ॲसिड कमी असतं, धान्यात लायसिन कमी असतं. म्हणून दोन्ही एकत्र खाल्ली की एकमेकांची कमतरता भरून निघते. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली आपली कळण्याची भाकरी हे याचं घरचं उदाहरण. मांसाबरोबर सोया घातलं तर मेथिओनिन मांसातून भरून येतं, त्यामुळे प्रोटीनच्या दर्जाची चिंता नको.

कमी होतं ते बी-१२. ते सोयात नसतं, म्हणजे ३० टक्के मिश्रणात ते ३० टक्क्यांनी घटलं. लोहाचं गणित जरा वेगळं आहे. मांसातलं लोह शरीर सहज घेतं, सोयातलं लोह फायटेटमुळे अडकून राहतं. पण मांस सोबत असलं की वनस्पतीतलं लोहही जास्त शोषलं जातं आणि वरून लिंबू पिळलं तर आणखी मदत होते. कबाबावर लिंबू देतात ते चवीसाठी, फायदा हा वेगळाच.

जिममध्ये एक भीती हमखास ऐकू येते: सोया खाल्ल्याने पुरुषांचे हार्मोन बिघडतात. पुरुषांवर झालेल्या अनेक चाचण्यांचं एकत्र विश्लेषण केल्यावर टेस्टोस्टेरॉनवर असा परिणाम दिसलेला नाही. खरी काळजी दोन गटांनी घ्यायची. एक, सोयाची ॲलर्जी असलेले. दुसरे, थायरॉइडची गोळी घेणारे, कारण सोयामुळे ती गोळी नीट शोषली जात नाही. तेव्हा गोळी आणि सोयाचं जेवण यांत किती अंतर ठेवायचं हे डॉक्टरांना विचारा. न सांगता मिसळणं पैशांच्या पलीकडे धोक्याचं ठरतं ते याच लोकांसाठी. मटण समजून खाल्लेल्या घासात सोया आहे, हे ॲलर्जी असलेल्या माणसाला रिॲक्शन आल्यावर कळणं बरोबर नाही.

मिसळलंय का, हे कसं ओळखायचं?

घरगुती चाचणीपासून सुरुवात करू. तुकडा रस्स्यातून काढून धुवा, गार होऊ द्या आणि त्यावर आयोडीनचा थेंब टाका (जखमेवर लावायचं औषध चालतं, पण तो तुकडा मग खायचा नाही). निळा-काळा रंग आला तर त्यात स्टार्च आहे, म्हणजे डाळ, ब्रेडचा चुरा, मैदा किंवा बटाटा. हा व्हिडिओ तुम्ही रील्सवर पाहिलाही असेल. रीलमध्ये एक गोष्ट सांगत नाहीत: सोयाबीनच्या पक्व दाण्यात स्टार्च जवळजवळ नसतोच. त्यामुळे सोया मिसळलेला खिमा या चाचणीत आरामात पास होतो.

सोया पकडायला प्रयोगशाळा लागते. तिथे दोन पद्धती वापरतात. एलायझा चाचणीत सोयाच्या प्रोटीनला चिकटणाऱ्या अँटिबॉडी वापरतात. पीसीआर चाचणीत सोयाबीनच्या लेक्टिन जनुकाचा डीएनए शोधतात. कोविडमुळे हा पीसीआर शब्द आपल्याला पाठ झालाय, तेच तंत्र. २०१३ मध्ये आयर्लंडच्या अन्न सुरक्षा संस्थेने बीफ बर्गरमध्ये घोड्याचं मांस पकडलं ते डीएनए चाचणीनेच, आणि सगळ्या युरोपात गोंधळ उडाला.

पाकीटबंद माल असेल तर तुमच्या हातात बरंच काही आहे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी. चिकन नगेटच्या यादीत दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर पाणी आणि 'टेक्स्चर्ड सोया प्रोटीन' दिसलं तर अंदाज येतो. ॲलर्जीच्या सूचनेत 'सोया' लिहिणं बंधनकारक आहे, ते बारीक अक्षरात शेवटी असतं. फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून वाचा, मी तसंच करतो. मांस अगदी १ टक्का असलं तरी मांसाहारी खूण लागते. नवीन नियमांनुसार ती खूण चौकोनातला तपकिरी त्रिकोण आहे, हिरवा गोल फक्त शाकाहाराला.

गाडीवरच्या किंवा छोट्या हॉटेलातल्या खिम्याला लेबल नसतं. तिथे आधी सरळ विचारावं. काही जण मोकळेपणाने सांगतात, "हो, थोडी वडी आहे, म्हणून हाफ प्लेट स्वस्त पडते." अशा माणसाकडे खायला मला काहीच हरकत वाटत नाही. शंका गंभीर असेल तर अन्न सुरक्षा कायदा, २००६ मधलं कलम ४० ग्राहकाच्या कामाचं आहे. त्यानुसार सामान्य ग्राहकही फी भरून विकत घेतलेल्या पदार्थाची तपासणी करून घेऊ शकतो. फक्त खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. पदार्थ दोषी निघाला तर फी परत मिळते. चुकीच्या नावाने किंवा लेबलने माल विकल्याबद्दल कलम ५२ मध्ये ३ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन बघतं. तक्रारीसाठी 'फूड सेफ्टी कनेक्ट' हे ॲप आहे. त्यात पाकिटावरचा १४ आकडी परवाना क्रमांक टाकून तो खरा आहे की नाही, हेही तपासता येतं.

बाहेर काय चाललंय?

अमेरिकेतल्या पर्ड्यू या चिकन कंपनीने २०१९ मध्ये चिकन, फ्लॉवर आणि काबुली चणा एकत्र केलेले नगेट आणले आणि ते 'चिकन प्लस' या नावाने उघडपणे विकले. नेदरलँड्समध्ये लिडल या सुपरमार्केटने ६० टक्के बीफ आणि ४० टक्के वाटाणा प्रोटीन असा खिमा ठेवला, साध्या खिम्यापेक्षा स्वस्त.

आपल्याकडे रितेश आणि जेनेलिया देशमुख यांनी २०२१ मध्ये 'इमॅजिन मीट्स' सुरू केलं, पण ते पूर्ण वनस्पतीवालं, मिश्रण नाही. मला स्वतःला मिश्रणाची वाट जास्त जवळची वाटते. मटण खाणाऱ्याला मटण सोडायला सांगण्यापेक्षा त्याच्या वाटीतलं थोडं कमी करणं सोपं आहे.

रंगाबद्दल एक गंमत सांगायलाच हवी. इम्पॉसिबल फूड्सच्या वनस्पतीजन्य बर्गरला रक्तासारखा लाल रंग आणि मांसाची चव येते ती लेगहिमोग्लोबिनमुळे. हे कंपनीने यीस्टमध्ये बनवलेलं असलं तरी मूळचं सोयाबीनच्या मुळातलं आहे. पावसाळ्यात शेतात सोयाबीनचं रोप उपटा, मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर दिसेल. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा तो चुलतभाऊ.

खान्देशकडे कच्चा माल आहे का?

भरपूर आहे. जळगावच्या डाळ मिल देशभर माहीत आहेत. डाळ भरडताना निघणारी चुरी हा प्रोटीनचाच माल, तो आज बहुतेक गुरांच्या खाद्यात जातो. भुईमुगाची प्रसिद्ध 'जेएल-२४', म्हणजे फुले प्रगती ही जात जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रातली, नावातलं 'जेएल' तिथलंच. शेंगदाण्याच्या पेंडीतही ५० टक्क्यांच्या जवळपास प्रोटीन असतं. अडचण अफ्लाटॉक्सिनची. ओलसर साठवलेल्या शेंगांवर वाढणाऱ्या बुरशीचं हे विष पेंडीत उतरतं, त्यामुळे माणसांसाठी वापरायची तर प्रत्येक लॉट तपासावा लागतो. शिकलेल्या माणसांचीही उणीव नाही, जळगावच्या विद्यापीठात फूड टेक्नॉलॉजी शिकवतात.

पण सगळ्यात मोठा साठा कापसात आहे. १ किलो रुईमागे साधारण १.६ किलो सरकी निघते आणि सरकीत २० टक्क्यांहून जास्त प्रोटीन असतं. खान्देशात कापूस किती पिकतो ते वेगळं सांगायला नको. माणूस हे प्रोटीन खाऊ शकत नाही, कारण सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. गाय-म्हैस रवंथ करणारी असल्याने ते बऱ्यापैकी पचवते, माणूस आणि कोंबडी नाही. कपाशीचं झाड गॉसिपॉल स्वतःच्या संरक्षणासाठी बनवतं, त्यामुळे ते झाडातून पूर्ण काढलं तर अळ्या-किडे तुटून पडतात.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठातले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ कीर्ती राठोड यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. त्यांनी फक्त बियांमध्ये गॉसिपॉल तयार होणं जवळजवळ बंद पाडलं, पानं-फांद्यांमध्ये तसंच राहू दिलं. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१८ मध्ये या कपाशीच्या लागवडीला आणि २०१९ मध्ये तिथल्या एफडीएने तिची सरकी अन्न म्हणून वापरायला मोकळीक दिली. हे जनुक बदललेलं बियाणं आहे आणि ते आपल्या शेतात आलेलं नाही. आपल्याकडची सरकी सध्या तेलाच्या घाण्यावर जाते आणि तिची ढेप गोठ्यात.